लांबून आलेल्याला आधी

उजव्या हाताचा पंजा शिकणाऱ्याच्या छातीसमोर आडवा धरायचा, रिक्षात पुढं उभ्या राहिलेल्या पोराला आई धरते तसा, आणि म्हणायचं, "थांब. लांबून आलेल्याला आधी."

तळेगावात गाडी शिकलेल्या कुणालाही विचारा, तो हात त्याला आठवेल. स्टेशनच्या बाजूला बाईंचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल, एक लाल गाडी आणि बाई. नाव सांगत नाही, कारण ते मलाही पॉलिसीच्या कागदावर लिहितानाच आठवायचं. सगळं गाव त्यांना बाईच म्हणे. काष्टा नाही, पण पदर कमरेला असा खोचलेला की काष्ट्यानं लाजावं. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट कसे दिसतात असं त्यांना विचारण्याची छाती तळेगावात कुणाला झाली नाही. मला झाली, पण तो माझा पहिलाच दिवस होता.

मी वाहनांचा विमा विकतो. त्या वेळीही विकायचो आणि मला गाडी येत नव्हती. यात काही विसंगती आहे असं मला वाटत नसे. आयुर्विमा विकणारे तरी कुठं आधी मरून बघतात? बाईंच्या लाल गाडीची पॉलिसी दर वर्षी माझ्याकडे असे. एकदा सही करता करता त्यांनी सहज विचारलं, "तू कोणती गाडी चालवतोस?" मी म्हणालो, "मी रिक्षानं येतो." बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पवायला येत न्हाई आन् होड्या विकतोय व्हय रे?"

गाळ्याबाहेर बाकावर बसलेली पोरं हसली. दुसऱ्या दिवशी मी शिकायला हजर. वय पंचेचाळीस, पोट पुढं, धैर्य मागं. त्या दिवसापासून बाईंनी माझं नाव टाकून दिलं आणि मला "इन्शुरन्स" म्हणायला सुरुवात केली. "ए इन्शुरन्स, क्लच सोड, मांजर न्हाई ते धरून ठेवायला."

पण गाडीला हात लावायच्या आधी भिंतीसमोर उभं राहावं लागे. भिंतीवर देशाचा नकाशा होता. त्यात नद्या नाहीत, डोंगर नाहीत, फक्त राष्ट्रीय महामार्ग, लाल रेघांत. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मला दवाखान्यात टांगतात तसला रक्तवाहिन्यांचा तक्ता वाटला आणि मी हळहळून विचारलं, "कुणाचं हार्टचं झालं का बाई?"

"तुझं हुईल आता," बाई म्हणाल्या. "पाव्हणा दारात आला तर नाव-गाव इचारतोस ना? मग रस्त्याला बी इचारायचं. ह्यो आपल्या दारातला जुना हायवे. कुटनं आला?"

"मुंबईहून."

"आन् कुटं चालला?"

"पुण्याला."

बाईंनी माझ्याकडे सडक्या बटाट्याकडे बघावं तसं बघितलं. मग पट्टी उचलून रेघेवरून फिरवली. "दिल्लीस्नं निघाला त्यो. जयपूर, अजमेर, उदेपूर, अमदाबाद, सुरत, मुंबई करत घाट चढून हितं आला. हितनं पुणं, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर. मद्रासला जाऊन टेकला. मधी कुटंतरी आपुन. तुझ्या भाजीच्या पिशवीसाठी बांधला न्हाई त्यो."

या एका गोष्टीवर त्यांचं सगळं शिक्षण उभं होतं. गाडी हायवेला लागली की त्या नंबरप्लेटा वाचायला लावत. नुसत्या वाचायच्या नाहीत, ओळखायच्या. राजस्थानची असली तर ती बहुतेक किशनगडचा संगमरवर घेऊन निघालीय, म्हणजे जड आहे, तिला चढावर अडवायचं नाही. गुजरातची असली तर मोरबीच्या फरशा, फुटायच्या भीतीनं तो जपून चालणार, त्याच्यावर हॉर्न वाजवायचा नाही. तामिळनाडूची असली आणि दिवाळी जवळ असली तर शिवकाशीचे फटाके, "त्याच्या बुडाला चिकटू नको बाबा." कर्नाटकाची दिसली की पहिलं वाक्य, "काच वर कर, ब्याडगी मिरची हाय." हे ज्ञान त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. वडगावच्या पुढं चहाच्या टपरीवर ट्रकवाले थांबत, तिथं बाईही शिकाऊ पोरांना घेऊन थांबत आणि सरळ विचारत, "क्या भरा है भैया? घर कब गया था?" शेवटच्या प्रश्नावर सगळे बोलत. त्यातले काही वर्षानुवर्षांचे ओळखीचे झाले होते. एकजण नामक्कलचा होता, त्याला मराठी येत नव्हती, बाईंना तमिळ येत नव्हतं आणि दोघं अर्धा तास बोलत.

म्हणून नियम असा: फाट्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर जी लांबून आलीय ती आधी जाणार. "त्यो दोन दिस चालवतोय. तुझं घर हितं हाय, कुटं पळून चाललंय?" एम. एच. चौदा दिसली की मात्र त्या हात झटकत. "ह्यो आपलाच. ह्याला राहू दे उभा."

आता तुम्ही म्हणाल, नियम चांगला आहे. चांगलाच आहे. पण चांगला नियम माझ्यासारख्याच्या हातात पडला की त्याचं काय होतं ते वडगाव फाट्यानं पाहिलं.

त्या दिवशी गाडीत मी एकटा पुढं होतो आणि बाई खाली उतरून टपरीवर बसल्या होत्या. मला त्यांनी सांगितलं होतं, गाडी फाट्यावरून वळवून परत आण, मी हितनं बघते. मी फाट्यावर आलो, थांबलो. राजस्थान आली. जाऊ दिली. कर्नाटक आली. काच वर करून जाऊ दिली. हरियाणा, गुजरात, पुन्हा गुजरात. मागं हॉर्न वाजायला लागले. आरशात पाहिलं, सगळ्या एम. एच. चौदा. म्हटलं, हे आपलेच, राहू देत उभे. रांग मागं दूधडेअरीपर्यंत गेली असावी. शेवटी हवालदार काचेवर टकटक करत आला.

"काका, बंद पडली का?"

"नाही."

"मग?"

"लांबून येणारे जातायत."

त्यानं गाडीच्या नाकावरची पांढरी अक्षरं वाचली. "बाईंचे का?" एक मोठा श्वास सोडला, शिट्टी तोंडात घातली आणि दोन्ही हात पसरून माझ्या एकट्यासाठी दिल्ली ते चेन्नई वाहतूक थांबवली.

आणि मी गाडी बंद पाडली.

बाई टपरीवर इतक्या हसल्या की चहा बशीतून साडीवर सांडला. परत येताना म्हणाल्या, "अरे बाबा, पाव्हण्याला आधी वाढायचं म्हंजे आपुन उपाशी मरायचं असं कुटं हाय? त्येचं ताट वाढलं की आपलं बी घ्यायचं."

गाळ्याच्या समोर, रस्त्यापलीकडे, दुसरं ड्रायव्हिंग स्कूल होतं. नव्या गाड्या, एसी, पाट्या. बाई त्याच्या मालकाचं नाव कधी घेत नसत. "समोरचा" म्हणत. "समोरचा पंधरा दिसांत शिकवतो. पंधरा दिसांत लोणचं बी मुरत न्हाई नीट, ह्यो माणूस मुरवतो." तोही कमी नव्हता, बाईंच्या लाल गाडीला तो "बैलगाडी" म्हणे. हे वैर गावाच्या करमणुकीचं साधन होतं आणि दोघंही ते मन लावून जपत.

बाईंच्या शेवटच्या शिकाऊंमध्ये मी होतो आणि हिरा होती. हिरा आंदर मावळातल्या एका वाडीवरची, वीस-बावीस वर्षांची. गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये कामाला. फुलं तोडायची, वीस-वीसच्या जुड्या बांधायच्या, खोक्यात भरायच्या. खोकी पिकअपमध्ये जायची आणि पिकअप हायवेला. बाईंनी पहिल्या दिवशी तिला विचारलं, गाडी कशाला शिकायचीय? मी उत्सुकतेनं कान टवकारले, कारण या प्रश्नाला मी "विम्याच्या धंद्याला बरं" असं कंगाल उत्तर दिलं होतं.

हिरा म्हणाली, "मी बांधलेली फुलं कुटं जात्यात ते बघायचंय मला."

बाईंनी तिला नकाशासमोर जितका वेळ उभं केलं तितका वेळ मला कधी केलं नव्हतं. पॉलीहाऊसच्या मालकानं सांगून ठेवलं होतं, फुलांच्या हंगामाआधी लायसन आणलंस तर पिकअप तुझी, नाहीतर बाहेरून ड्रायव्हर बघतो.

याच सुमारास कामशेतजवळ ती गोष्ट झाली. मी चालवत होतो, बाई डावीकडे. शिकवण्याच्या गाडीत डावीकडेही ब्रेक आणि क्लच असतात, आणि मी जितक्या वेळा ब्रेक लावला असेल त्याहून जास्त वेळा बाईंनी माझ्या वतीनं लावलेला होता. डावीकडच्या बोळातून एक मोटरसायकल उलट दिशेनं सुसाट बाहेर आली, मागं दुधाचे कॅन. मी ब्रेक दाबला. मी! गाडी कॅनापासून हातभरावर थांबली. मोटरसायकलवाल्यानं माझ्या आईची आठवण काढली आणि तो गेला. मला मात्र आनंदानं गदगदून आलं होतं.

"बघितलंत बाई? तुमच्या आधी! तुमचा पाय हललासुद्धा नाही! मी आधी दाबला!"

बाई पुढं बघत होत्या. मी आणखी काही वेळ माझ्या चपळाईचं वर्णन करत राहिलो. घरी बायकोला काय सांगायचं, ऑफिसात काय सांगायचं, सगळं ठरवून झालं. मग बाई म्हणाल्या, "बाजूला घे."

घेतली.

"तुला कुटं दिसला त्यो पहिल्यांदा?"

"बोळाच्या तोंडाशी."

"मला त्यो दिसलाच न्हाई. गाडी थांबल्यावर दिसला."

मग त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला होता. समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, पण कडा विझत चालल्यात, आणि डावीकडची कड आधी. औषधाच्या थेंबांनी आहे ते टिकेल, गेलेलं परत यायचं नाही. हे ऐकून त्या गाळ्यात आल्या होत्या आणि गाडी काढली होती, रोजच्यासारखी. गावात गाडी चालवणारी बाई म्हणून लोक खिडकीत येऊन बघायचे त्या काळापासून ज्या सीटवर बसल्या, ती सीट सोडायची म्हणजे काय करायचं, हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

"हिराचं लायसन हुईस्तवर," त्या म्हणाल्या. "तेवढं झालं की बंद. तवर तू मागं डाव्या अंगाला बसायचं. डावीकडं काय आलं की वरडायचं. जमंल?"

मी म्हणालो, जमेल. आयुष्यात मला इतक्या महत्त्वाचं काम कुणी दिलेलं नव्हतं, आणि ज्यांनी दिलं त्यांनी माझा वडगाव फाटा पाहिला होता.

पुढचे काही आठवडे मी बाईंचा डावा डोळा होतो. हिराला बाईंनी खरं काय ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, लपवलं नाही. मी काम फारच मनावर घेतलं.

"डावीकडे म्हैस!"

"अरे, ती झाडाखाली बसलीय!"

"डावीकडे शाळेची मुलं!"

"ती गॅलरीत हायेत इन्शुरन्स, दुसऱ्या मजल्यावर!"

हिरा हसून हसून बेजार व्हायची, पण नजर हलायची नाही. ती डावीकडं बघायची, उजवीकडं बघायची, आरशात बघायची. तिच्या हाताखाली गाडी अशी चालायची की मागच्या सीटवर मला झोप यावी. बाई तिला घाटात घेऊन गेल्या, खंडाळ्याच्या उतारावर कंटेनरांच्या मधून उतरायला लावलं, खोपोलीत वडा खायला घातला आणि परत चढवून आणलं. लोणावळ्यात शनिवार-रविवारची मुंबईकरांची गर्दी, चिक्कीच्या दुकानांसमोर वेड्यावाकड्या लावलेल्या गाड्या, त्यातूनही काढलं. बाई खूश होत्या. टेस्टची तारीख आली होती. आता आठवडा काय तो राहिला होता.

आणि मग सोमाटणे फाट्याच्या अलीकडे, भर दुपारी, डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर उसळी मारून हायवेवर आला. मला दिसला. तुम्हाला सांगतो, वेळेवर दिसला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो,

"उजवीकडे!"

बाईंनी उजवीकडं मान फिरवली. हिरानं डावीकडं बघून ब्रेक लावला.

ट्रॅक्टर पुढून गेला. त्यावरचा माणूस फोनवर बोलत होता, त्याला तर काही झाल्याचंही कळलं नाही. मी माझे दोन्ही हात समोर धरून कुठला डावा ते तपासत होतो. पंचेचाळीस वर्षांच्या माणसानं जेवतो कुठल्या हातानं हे आठवावं लागावं, यापेक्षा आणखी काय लिहू?

"बाई, माझं चुकलं," मी म्हणालो. "घाबरलो. पुढच्या वेळी..."

"चूक तुझी न्हाई," बाई म्हणाल्या. "मला बघायला दोन माणसं लागत्यात आता, म्हंजे मी बघत न्हाई." मग हिराकडं वळल्या. "तू ह्याचं ऐकलं न्हाईस. माझ्या मानंकडं बी बघितलं न्हाईस. तू बघितलंस. आता गाडी घराकडं घे, नीट."

"बाई, आठवडाच ऱ्हायलाय," हिरा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "टेस्टपत्तूर चला ना. मी बघते डावीकडचं बी. मी सगळं बघते."

"शिकवणाऱ्याच्या वाटणीचं शिकणाऱ्यानं बघायचं व्हय? आन् तुझ्यानंतर कुणी आलं, मग म्हणशील त्याच्या टेस्टपत्तूर. न्हाई. आज संपलं."

तळेगाव आलं. गाडी गाळ्यासमोर लागली. बाई उतरल्या, पदर पुन्हा एकदा घट्ट खोचला, आणि हिराचा हात धरून रस्ता ओलांडायला लागल्या. आधी मला वाटलं चहाला चालल्यात. मग लक्षात आलं कुठं चालल्यात, आणि मी पळत मागं गेलो. असला प्रसंग चुकवणं माझ्या स्वभावात नाही.

समोरचा टेबलामागं बसला होता. बाईंना दारात पाहून तो उठला. उठताना खुर्ची मागं पडली.

"बाई? तुमी बोलवायचं होतं, मी आलो असतो."

"बोलवायला तू काय माझा पोरगा हायेस?" बाई म्हणाल्या. "ही हिरा. हिची टेस्ट आठवड्यावर आलीय. येतंय सगळं तिला. फक्त शेजारी बसायचं, आन् मधी मधी बोलायचं न्हाई."

त्यानं हिराकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. गावात माणसाला दुसऱ्याचं सगळं माहीत असतं, पण बाईंच्या डोळ्यांचं त्याला माहीत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याला थट्टा करायची सवय होती, ती जिभेच्या टोकापर्यंत आली असणार. तो म्हणाला, "बाई, माझ्या गाडीवर हात बसायला तिला वेळ लागंल. तुमची लाल गाडीच घेऊन येऊ दे तिला. मी बसतो तिच्यात."

"बैलगाडीत?"

"बैलगाडीत."

बाईंनी मान डोलावली, आणि मग, फार हळू, त्याला "बस" म्हणाल्या, त्याच्याच दुकानात.

हिरा पास झाली. मी तिसऱ्या वेळी पास झालो. पहिल्या दोन वेळांबद्दल आरटीओत अजून बोललं जातं, तेव्हा इथं पुन्हा नको. गाळा बाईंनी सोडला. लाल गाडी समोरच्यानं घेतली आणि पाटी बदलली तरी रंग बदलला नाही. बाईंचा धाकटा भाऊ कराडला असतो, त्यानं आग्रह करकरून त्यांना बोलावून घेतलं. "हायवेवरच हाय घर," बाई म्हणाल्या. "तेवढं बघूनच व्हय म्हणाले."

सामान न्यायला हिरा पिकअप घेऊन आली. फुलांची खेप पहाटेच पुण्यात उतरवून आली होती, गाडीला अजून गुलाबांचा ओला वास होता. मागं बाईंची कॉट, कपाट, भांड्यांची पोती. पुढं तिघं: हिरा चाकावर, मी मधे, बाई डावीकडं खिडकीशी. समोरचा निरोप द्यायला आला होता, त्यानं दार लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

देहूरोड गेलं, वाकड गेलं. तिथपर्यंत बाई बोलत होत्या: हितं पूल नव्हता, हितं उसाचं शेत होतं, ही नागालँडची प्लेट बघ कशी आली हितपर्यंत. वारज्याच्या पुढं बोलणं तुटक झालं. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा मी काहीतरी विनोद केला आणि उत्तर आलं नाही.

इतकी वर्षं त्या सीटवर बसलेली ही बाई. पाठ कधी टेकायची नाही, नजर कधी रस्त्यावरून काढायची नाही, पाय कायम ब्रेकवर. वळून पाहिलं तर बाई झोपल्या होत्या. बूट काढून खाली ठेवलेले, पाय वर घेऊन मांडी घातलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, डोकं खिडकीला.

खंबाटकी चढायला लागलो तसं ऊन त्यांच्या तोंडावर आलं. मी हात लांब करून काचेवरची झडप खाली ओढली. आमच्या पुढं एक लांबलचक कंटेनर दमून चढत होता. हिरानं गेअर खाली घेतला आणि त्याच्या मागं, अंतर ठेवून, गाडी तशीच हळू चालवत राहिली.

"उठवायचं का?" मी विचारलं. "घाट दाखवायला?"

"ऱ्हाऊ द्या," हिरा म्हणाली. "सातारा गेल्यावर बघू. च्या प्यायला."